खासदार साहेब, स्वस्त डाळीसाठी गप्प बसा असं आम्ही कधी म्हणलो होतो?

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ४८ आणि राज्यसभेतले १९ खासदार, सगळ्या पक्षांचे

सप्रेम नमस्कार.

मी लातूरच्या आडत बाजारात कडधान्याची दलाली करतो, बावीस वर्षं झाली. तूर, हरभरा, उडीद, मूग. सकाळी सौदा निघायच्या आधी मोबाईलवर चेन्नईचा आणि मुंबईचा भाव येतो, लेमन तूर काय, उडीद एफएक्यू काय, एसक्यू काय, डॉलर कितीला, आणि त्या चार ओळींवर आमचा अख्खा दिवस ठरतो. लेमन म्हणजे बर्माची तूर. एफएक्यू आणि एसक्यू हे बर्माच्या उडदाचे दोन ग्रेड. म्यानमार हे नाव आमच्या बाजारात कोणी घेत नाही, "बर्मा तेज", "बर्मा नरम" असंच बोलतात, म्हणून पत्रात मीही बर्माच लिहिणार आहे, समजून घ्या.

पत्राचं कारण सांगतो. २०२४ च्या प्रचारात एका उमेदवारांची व्यापाऱ्यांसोबत बैठक होती. जीएसटी, वेअरहाऊस, स्टॉक लिमिट असे नेहमीचे विषय झाले, मग मी उठून विचारलं की साहेब, बर्मात लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथून टाकलं, तिथनं आपण एवढा माल आणतो, तर आपला देश तिथल्या लोकांच्या बाजूनं काही ठामपणे बोलतो का नाही, आणि तुम्ही दिल्लीत गेलात तर हे विचाराल का? साहेब हसले आणि म्हणले, "अहो, लोकांना बर्माचं काय पडलंय, लोकांना डाळ स्वस्त पाहिजे." सगळे हसले. मी खाली बसलो. त्यांचं नाव आणि पक्ष इथं लिहीत नाही, कारण हेच वाक्य मी नंतर दुसऱ्या पक्षाच्या माणसाकडूनही ऐकलं, टीव्हीवरच्या चर्चेत ऐकलं, आणि आमच्या चहाच्या टपरीवर तर रोजच ऐकतो. पण ते डोक्यातनं जात नाही. कारण त्या वाक्यात "लोक" म्हणजे मी आहे. माझं नाव घेऊन कोणीतरी गप्प बसायलाय आणि मला एकदाही कोणी विचारलेलं नाही.

आधी माझ्याकडून एक सांगतो, कारण लपवून पत्र लिहिण्यात अर्थ नाही. १ फेब्रुवारी २०२१, सोमवार, बजेटचा दिवस. आमच्या ऑफिसात टीव्ही लागलेला, निर्मला सीतारामन बोलायच्या होत्या, सगळ्यांचं लक्ष आयात शुल्काकडं. आणि सकाळपासून बर्मातल्या यांगूनचा फोन लागेना. तिकडं ज्या पार्टीशी चेन्नईवाल्याचं बोलणं असतं तो ऑनलाईन येईना, बँका बंद, नेट बंद. मग बातमी आली की लष्करानं सत्ता घेतली, तिथल्या नेत्या आंग सान सू ची यांना पहाटेच उचललं. त्यांच्या पक्षानं नोव्हेंबर २०२० ची निवडणूक प्रचंड बहुमतानं जिंकली होती आणि त्याच दिवशी नवी संसद भरायची होती. आता विचार करा, तुम्ही सगळे निवडून आलात, शपथ घ्यायला दिल्लीत जाऊन थांबलात, आणि पहाटे दारात सैनिक. हे तुमच्याच बाबतीत घडलं असतं तर कसं वाटलं असतं? आणि मी त्या दिवशी काय केलं? मी चार मिलवाल्यांना फोन करून सांगितलं की उडीद सोडू नका, बर्मा बंद पडला, भाव वर जाणार. माझा धंदाच तो आहे, चूक काही केली नाही, पण संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोनं विचारलं की तिकडं माणसं कशी आहेत, तर मला एक शब्द सांगता येईना. मला भाव माहीत होता, बाकी काही माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी वाचायला लागलो. मिळेल ते.

२७ मार्च २०२१ ला बर्माच्या लष्कराचा सशस्त्र सेना दिवस होता. तिथली राजधानी नेपिडॉमध्ये परेड झाली आणि आठ देशांनी प्रतिनिधी पाठवले, रशिया, चीन, पाकिस्तान, बांगलादेश, व्हिएतनाम, लाओस, थायलंड आणि आपण. त्याच दिवशी त्या देशातल्या रस्त्यांवर शंभरावर माणसं मारली गेली, त्यात लहान मुलं होती. पुढं १८ जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ठराव आला की राजकीय कैदी सोडा, लोकशाही परत आणा, बर्माकडं शस्त्रं जाऊ देऊ नका. ११९ देश बाजूनं, बेलारूस एकटा विरोधात, ३६ तटस्थ, आणि त्या ३६ मध्ये आपण चीन-रशियासोबत. आणि त्याच जून महिन्यात आपल्या सरकारनं बर्माशी करार केला की पाच वर्षं, २०२१-२२ ते २०२५-२६, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर खासगी व्यापाऱ्यांमार्फत घेऊ. करार झाल्याची बातमी आमच्या बाजारात दहा मिनिटांत सगळ्यांना कळली. मतदानाची बातमी मला दोन वर्षांनी कळली. मराठीत कुठं छापून आली असेल तर माझ्या नजरेला पडली नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत पुन्हा ठराव आला, हिंसाचार थांबवा आणि सू चींसकट सगळे कैदी सोडा म्हणून. बारा देश बाजूनं, तीन तटस्थ. चीन, रशिया, भारत. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद आपल्याकडंच होतं.

आता माझं म्हणणं नीट ऐका, कारण इथंच लोक मला अडवतात आणि म्हणतात, मग काय बर्माची डाळ बंद करायची का, तुझंच दुकान बंद होईल. नाही. डाळ बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, आणि ते माझ्या दलालीसाठी नाही. बर्माची तूर कुठं पिकते तर मंडाले, सगाईंग, मॅगवे या कोरड्या पट्ट्यात, आपल्या मराठवाड्यासारखाच कमी पावसाचा भाग. पिकवणारा दोन-चार एकरवाला शेतकरी, आणि त्याच्या तुरीला भारत सोडून मोठं गिऱ्हाईक नाही, कारण आपल्याएवढी तूर जगात कोण खातो? आपण दार लावलं तर आधी तोच मरतो, जनरल नाही मरत. आणि हाच सगाईंगचा पट्टा लष्कराच्या विरोधात सगळ्यात जास्त पेटलेला आहे. ११ एप्रिल २०२३ ला सगाईंगमधल्या पाझीजी नावाच्या गावावर विमानातनं बॉम्ब टाकले, दीडशेवर माणसं गेली, गावात कार्यक्रमाला जमलेली माणसं. मी नकाशावर गाव शोधलं. आजूबाजूला सगळं शेत.

आमच्याकडं सौदा होताना पोत्यातनं पारखीनं माल काढतात, तळहातावर घेतात, फुंकर मारतात, दाणा दाताखाली धरून ओलावा बघतात, डागी किती, खडा किती, सगळं अर्ध्या मिनिटात. लेमन तुरीचा नमुना मी हजारदा असा हातावर घेतलाय. पाझीजी वाचल्यानंतर पुढच्या आठवड्यात नमुना आला तेव्हा मी तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हातात धरला. दाणा चांगला होता, बारीक, एकसारखा. कोणीतरी तो पेरला, कापला, बडवला, वाळवला, पोत्यात भरला, आणि त्याच्या गावात काय झालं असेल ते मला कधी कळणार नाही. एवढंच. त्यातनं मी काही मोठा झालो नाही, सौदा केला आणि पुढं गेलो, पण "लोकांना काय पडलंय" हे मात्र मला आता कोणी म्हणू नये.

मग डाळ चालू ठेवून काय करायचं, तर फरक करायचा. डाळ वेगळी आणि शस्त्रं वेगळी. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये अहवाल दिला की सत्ता घेतल्यापासून बर्माच्या लष्कराला कुठल्या देशातनं किती शस्त्रसामग्री गेली. सगळ्यात जास्त रशिया आणि चीन, मग सिंगापूर, आणि भारतातनं ५ कोटी १० लाख डॉलरची, त्यात सरकारी मालकीच्या कंपन्याही. रशियाच्या मानानं हा आकडा लहान आहे, मला मान्य. पण डाळीनं माझ्या देशातल्या माणसाचं पोट भरतं, या मालानं कोणाचं भरतं? साहेब, हा प्रश्न संसदेत तारांकित विचारायला किती वेळ लागतो? सरकारचं उत्तर असेल की अहवाल चुकीचा आहे, तर तसं रेकॉर्डवर येऊ द्या, आम्ही ऐकून घेऊ. विचारणाराच नसेल तर उत्तर कुठनं येणार?

डाळीच्या व्यवहारातही बघण्यासारखं आहे. तिथल्या निर्यातदाराला डॉलर मिळाले की त्यातला काही हिस्सा सरकारी दरानं क्याटमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, बदलून द्यावा लागायचा, आणि सरकारी दर बाजारापेक्षा कितीतरी कमी. म्हणजे मधला फरक सरळ लष्कराच्या हातात, आणि व्यापारी तो कोणाकडून वसूल करणार, शेतकऱ्याकडूनच. हे आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना सगळं पाठ आहे. २०२४ पासून रुपया-क्याटमध्ये व्यवहाराची सोय निघाली, तर त्यानं तिथल्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात का राजवटीची सोय होते, हे आपल्या वाणिज्य मंत्रालयानं कधी तपासलं का? पाच वर्षांचा करार २०२५-२६ पर्यंतचाच होता. पुढचं जे काही ठरेल ते संसदेत ठेवा, चर्चा होऊ द्या. करार संसदेपुढं आणायची सक्ती आपल्या व्यवस्थेत नाही हे मला माहीत आहे, पण विचारायला बंदी पण नाही.

आणि "आर्थिक हित, आर्थिक हित" जे म्हणतात ते कोणाचं हो? माझ्या वडिलांची औसा तालुक्यात सहा एकर, अजून भाऊ करतो, सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक. २०२४-२५ ला तुरीचा हमीभाव ७५५० होता आणि नवीन तूर बाजारात आली तेव्हा भाव हमीभावाच्या खाली होता, भावानं ज्या दिवशी गाडी आणली त्या दिवशी मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही. आयात शुल्क शून्य, ती सवलत जानेवारी २०२५ मध्ये अजून एक वर्ष वाढवली, बर्मा, मोझांबिक, मलावी, टांझानिया सगळीकडनं माल चालू. शहरातल्या माणसाला डाळ परवडली पाहिजे हेही खरंच आहे, पुण्या-मुंबईत पंधरा हजारांवर घर चालवणारी बाई दीडशेची तूरडाळ कशी घेणार? मिलवाल्यालाही बारा महिने कच्चा माल लागतो. म्हणजे एका तुरीत तीन जणांची तीन हितं आहेत आणि ती एकमेकांना कापतात. यातलं राष्ट्रहित कोणतं ते कोणी ठरवलं, कुठं ठरवलं? जेव्हा माझ्या भावाचा विषय येतो तेव्हा सांगतात ग्राहकाचं बघावं लागतं. जेव्हा बर्माच्या लोकांचा विषय येतो तेव्हा सांगतात देशाचं हित बघावं लागतं. दोन्ही वेळेला ज्याचं नुकसान होतं तो शेतकरी असतो आणि दोन्ही वेळेला त्याला कोणी विचारत नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर तो मुद्दा मी हलक्यात घेत नाही. १६४३ किलोमीटरची सीमा आहे, जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात आपले १८ जवान गेले, हल्ला करणाऱ्यांचे तळ पलीकडं होते, तिथल्या लष्कराशी बोलणं ठेवावंच लागतं. चीन बर्माच्या क्याउकप्यू बंदरावर बसलाय, तिथनं तेल आणि गॅसची पाईपलाईन थेट युनानमध्ये जाते, आपण तोंड फिरवलं तर सगळं त्यांच्या घशात. बरोबर. पण हाच हिशोब करून १९९० नंतर आपण जनरल लोकांशी जुळवून घेतलं, मग मिळालं काय ते तरी मोजू या. १९८८ ला तिथं विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा आपण उघडपणे त्यांच्या बाजूनं होतो, पळून आलेल्या मुलांना आसरा दिला, जॉर्ज फर्नांडिस यांनी तर दिल्लीतल्या आपल्या बंगल्यात त्यांना ठेवून घेतलं, तेच जॉर्ज ज्यांना १९६७ ला दक्षिण मुंबईनं स. का. पाटलांच्या विरोधात निवडून दिलं होतं. सू ची दिल्लीच्याच कॉलेजात शिकलेल्या, १९९३ चा नेहरू पुरस्कार आपण त्यांना दिला. त्यानंतर हळूहळू सूर बदलला. कलादान प्रकल्पाचा करार २००८ चा, कोलकात्याहून बर्मातलं सितवे बंदर, तिथनं नदीनं पलेटवा, पुढं रस्त्यानं मिझोराम. सितवेला पहिलं जहाज लागायला मे २०२३ उजाडलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये पलेटवा आराकान आर्मी या बंडखोर गटानं लष्कराकडनं जिंकून घेतलं. म्हणजे ज्यांच्याशी गोड राहायचं म्हणून आपण पंधरा-वीस वर्षं काढली त्यांच्याच हातात आज तो रस्ता नाही. याला व्यवहार म्हणायचं का? आमच्या बाजारात असा सौदा केला तर मालक दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही.

सू चींबद्दलही सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की हा एकाच बाजूचं बोलतो. रोहिंग्यांवर २०१७ ला जे झालं त्यात त्यांनी लष्कराची पाठराखण केली, २०१९ ला हेगच्या न्यायालयात स्वतः उभ्या राहून केली, ते मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. पण माझा प्रश्न त्यांच्यापुरता नाहीच. मत दिलेल्या माणसांचं मत बंदुकीनं पुसायचं का, एवढाच आहे. त्यांचा पक्ष मार्च २०२३ मध्ये लष्करानं विसर्जित करून टाकला आणि डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं निवडणूक घेतली, गेल्या वेळी जिंकलेला पक्षच यादीत नाही. याला निवडणूक म्हणायचं का नाही, यावर महाराष्ट्रातल्या एका तरी खासदाराचं मत मला वाचायला मिळालं तर बरं वाटेल, पक्ष कुठलाही असो.

माझी मुलगी पुण्याला शिकते. तिच्या रूमवर एक मिझो मुलगी आहे, चंफाई जिल्ह्यातली. दिवाळीला ती आमच्याकडं आली होती, मुलगी म्हणली एवढ्या लांब चार दिवसांसाठी कुठं जाणार, घेऊन ये. आईनं उडदाचं घुटं केलं, भाकरी केली, ती पोटभर जेवली. जेवताना मी सहज बोललो की हा उडीद बहुतेक तुमच्याच बाजूचा, बर्माचा. तर ती म्हणली, काका, आमच्या घरी पण बर्माची माणसं आहेत. तियाऊ नावाची नदी आहे, उन्हाळ्यात गुडघ्याएवढं पाणी, अलीकडं झोखावथार पलीकडं रिखावदार, दोन्हीकडं एकाच भाषेची, एकाच नात्यातली माणसं. २०२१ ला तिच्या आईच्या मावशीकडचे सहा जण नदी ओलांडून आले आणि तेव्हापासून मागच्या खोलीत राहतात. रिह डिल म्हणून त्यांचा एक तलाव आहे, मेल्यानंतर आत्मा तिथनं जातो अशी मिझो लोकांची जुनी श्रद्धा, तो तलाव पलीकडं बर्मात आहे. तिला विचारलं सहा माणसं वाढली तर खर्चाचं कसं करता, तर म्हणली गावातले सगळे मिळून करतात, यंग मिझो असोसिएशन आहे, चर्च आहे, सगळे तांदूळ देतात, भाजी देतात.

मिझोराम हे केवढं राज्य, लोकसंख्या आपल्या लातूर जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही, आणि तीस हजारांवर माणसं त्यांनी सांभाळली, मुलांना शाळेत घेतलं. मार्च २०२१ मध्ये केंद्रानं पत्र पाठवलं होतं की येणाऱ्यांना रोखा, परत पाठवा, तेव्हा तिथले मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहून कळवलं की आम्ही या दुःखाकडं पाठ फिरवू शकत नाही. त्याच महिन्यात मणिपूरमध्ये सरकारी आदेश निघाला की आलेल्या लोकांसाठी छावण्या काढू नका, जेवणाखाण्याची सोय करू नका, हात जोडून परत पाठवा. लोक इतके भडकले की तीन दिवसांत तो आदेश मागं घ्यावा लागला. तीन दिवसांत! मग परराष्ट्र धोरणात लोकांना रस नसतो हे कोण म्हणतं? ज्यांना कळलं त्यांनी तीन दिवसांत सरकार हलवलं. आम्हाला कळतच नाही, कारण आम्हाला कोणी सांगत नाही, आणि मग आमच्या न कळण्याचाच आमच्याविरुद्ध पुरावा करतात.

पोट आणि तत्त्व यात लोक पोटच निवडतात असं ज्यांना वाटतं त्यांनी मुंबईचं १९०८ आठवावं. लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, जी त्यांनी पुढं मंडालेला भोगली, तर मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस गिरणीत गेले नाहीत, एका वर्षाला एक दिवस. रोजंदारीवरची माणसं होती हो ती, चाळीत एका खोलीत दहा-दहा राहणारी, सहा दिवसांची मजुरी बुडाली की घरात चूल कशी पेटली असेल? त्यांना कोणी म्हणलं नाही की तुम्हाला राजकारणाचं काय पडलंय. आणि ते मंडाले म्हणजे हेच, जिथनं आज आमची लेमन तूर येते. तिथल्या तुरुंगात टिळकांनी गीतारहस्य लिहिलं, तिथंच असताना १९१२ ला घरून सत्यभामाबाई गेल्याचं कळलं. आम्ही शाळेत मंडाले हा शब्द शिकलो तो यासाठी. आज तिथल्या तुरुंगात मत दिलं, बोललं, फेसबुकवर लिहिलं म्हणून माणसं बसलीत, आणि आपण टिळकांच्या पुतळ्याला हार घालतो.

१९४६ चं तर दिल्लीवालेच अभिमानानं सांगतात. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे कायदे आले म्हणून जगात सगळ्यात आधी भारतानं त्यांच्याशी व्यापार तोडला. तेव्हा आपल्या निर्यातीतला साधारण पाच टक्के माल तिकडं जायचा, म्हणजे मोठं गिऱ्हाईक होतं. देश अजून स्वतंत्र पण झाला नव्हता, बंगालचा दुष्काळ होऊन तीन वर्षं झालेली, घरात दाणे मोजून होते, तरी केलं. आज आपण जगातली चौथी-पाचवी अर्थव्यवस्था म्हणवतो आणि संयुक्त राष्ट्रात एक हात वर करायला जड जातं. मार्च २०२५ ला मंडाले-सगाईंगला भूकंप झाला तेव्हा आपण ऑपरेशन ब्रह्मा काढून जवान, औषधं, अख्खं फील्ड हॉस्पिटल पाठवलं, सगळ्यात आधी पोचणाऱ्यांमध्ये आपण होतो, ते बघून माझा ऊर भरून आला होता. म्हणजे करायचं म्हणलं की जमतं.

मी परवा आमच्या बाजारात सहज विचारत फिरलो. सर्व्हे वगैरे नाही, चहा पिता पिता. एका हमालानं सांगितलं, दोन रुपये महाग चालंल पण माणसं मारणाऱ्याला बंदूक आपली नको. एक मिलवाले म्हणले, माल बंद करू नका, पण सरकारनं दम द्यायला काय हरकत आहे, गिऱ्हाईक आपण आहोत, दम गिऱ्हाईकाचाच चालतो. एक आडते म्हणले, आपलंच धड नाही, दुसऱ्याचं कशाला, आणि त्यांचं म्हणणंही मी तोडलं नाही, त्यांच्या पोराची नोकरी गेलीय. एका तूर घेऊन आलेल्या शेतकऱ्यानं मला उलट विचारलं, तिकडच्या शेतकऱ्याला किती पडतात हो? मला उत्तर देता आलं नाही. एवढी वेगवेगळी मतं आहेत साहेब. "लोकांना डाळ स्वस्त पाहिजे" एवढ्या एका ओळीत ती बसत नाहीत.

तर येत्या अधिवेशनात तुमच्यातल्या एकानं तरी उठून तीन गोष्टी विचारा. २०२१ पासून बर्माच्या लष्कराला भारतातनं कुठलाही लष्करी उपयोगाचा माल गेला का, गेला तर कुणाच्या परवानगीनं, आणि आता बंद आहे का. डाळीचा पुढचा करार करताना तिथल्या शेतकऱ्याच्या आणि इथल्या शेतकऱ्याच्या हातात काय पडतं याचा अभ्यास केला का. आणि मिझोराममध्ये आलेल्या लोकांना मारून परत ढकलणार नाही असं सरकार लेखी देतं का, कारण आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडं तसा कायदा नाही, सगळं मर्जीवर चालतं, आणि फेब्रुवारी २०२४ ला सीमेवरची खुली ये-जा बंद करायची घोषणा झाल्यापासून त्या पोरीच्या घरचे रोज घाबरून आहेत.

उत्तर काय येईल ते मराठीत छापून आमच्या बाजार समितीच्या बोर्डावर लावायची जबाबदारी माझी, रोजच्या बाजारभावाच्या शेजारीच लावतो.

आपला,
लातूरच्या आडत बाजारातला एक दलाल आणि तुमचा मतदार